'ओरखडा काढणे' : एक क्रिया आणि तिचे वर्णन

मराठीतील 'काढणे' हे क्रियापद परस्परविरुद्ध अर्थांचा भार सहज वाहते. आपण रांगोळी काढतो, नक्षी काढतो. तसेच डाग काढतो, काटा काढतो. पहिल्या दोन प्रयोगांत नसलेली गोष्ट अस्तित्वात येते, पुढच्या दोहोंत असलेली नाहीशी होते. एकच कर्म घेऊन ही दोन्ही टोके दाखविता येतात. 'मुलाने मोटारीवर ओरखडे काढले' आणि 'कारागिराने मोटारीवरचे ओरखडे काढले' ही दोन वाक्ये शेजारी ठेवली, तर कर्ता बाजूला ठेवल्यास भेद उरतो तो केवळ 'चे' या प्रत्ययाचा. 'मोटारीवरचे' म्हटले की ओरखड्यांचे पूर्वास्तित्व गृहीत धरले जाते आणि क्रियापद आपोआप निरसनाचा अर्थ घेते.

हे केवळ भाषिक कुतूहल म्हणून सोडून द्यावे असे मात्र नाही. 'मोटारीवरचे ओरखडे काढले' हे वाक्य 'पायातला काटा काढला' याच साच्यात बसते आणि ऐकणाराही ते त्याच साच्यात समजून घेतो. काटा ही वस्तू आहे. ती काढल्यावर तिच्याभोवतीचा पाय जागेवर राहतो. ओरखडा ही वस्तू नव्हे. तो पृष्ठावरील उणेपणा आहे, आणि जे मुळात नाही ते काढून टाकता येत नाही. ओरखडा नाहीसा करायचा तर त्याच्याभोवतीचा, अद्याप धड असलेला पृष्ठभाग खाली आणावा लागतो. प्रस्तुत लेखाचा हेतू ही क्रिया हाताने कशी केली जाते हे सांगण्याचा, आणि तिच्या प्रचलित वर्णनामुळे कोणता व्यावहारिक घोटाळा होतो हे दाखविण्याचा आहे.

प्रथम पृष्ठाची रचना पाहू. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात : विद्युत्‌प्रवाहाच्या साहाय्याने बसविलेले गंजरोधक अस्तर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर रंगहीन पारदर्शक लेप. या सर्वांची मिळून जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यात पारदर्शक लेपाचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनांचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ज्या थरावर हे सारे काम चालते तो केसाहूनही पातळ आहे, हे वाचकांच्या लक्षात येईल. मोटारीची चकाकी या लेपाची; शिवाय सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही त्यातच मिसळलेली असतात.

या लेपावर दोन प्रकारचे व्रण दिसतात. किल्ली किंवा झाडाची काटेरी फांदी लागून उमटलेली एकेरी, खोल रेघ हा पहिला प्रकार. तिच्यासाठी मराठीत 'चरा' हा नेमका शब्द आहे. दुसरा प्रकार अतिशय बारीक रेघांच्या जाळ्याचा. उन्हात किंवा दिव्याखाली गाडी उभी असता प्रकाशाच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, ती हीच. पाहणारा स्वाभाविकपणे समजतो की कोणीतरी फडके गोलगोल फिरविल्यामुळे ती उमटली. वस्तुतः या रेघा बहुधा सर्व दिशांना पसरलेल्या असतात. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्या रेघा आडव्या पडतात, म्हणजे त्या जागी कल्पिलेल्या वर्तुळाच्या स्पर्शिकेच्या दिशेने असतात, त्यांच्याच उतारांवरून प्रकाश परावर्तित होऊन आपल्या डोळ्यांकडे येतो. बाकीच्या अदृश्य राहतात. ही गोष्ट कोणालाही पडताळून पाहता येईल. आपण जागा बदलली की प्रतिबिंब सरकते आणि वर्तुळेही त्याच्याबरोबर सरकतात. ती पत्र्यावर कोरलेली असती, तर जागची हलली नसती.

या जाळ्याचे कारण बहुधा धुळीत सापडते. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात. फ्रीड्रिख मोह्स याने १८१२ साली मांडलेल्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्‌झचा क्रमांक ७ आहे. पारदर्शक लेप हा बहुवारिकांचा बनलेला असून त्यापुढे पुष्कळच मऊ. गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत पहाटे एकाच बादलीतल्या पाण्यावर ओळीने अनेक गाड्या पुसल्या जातात. दुसऱ्या-तिसऱ्या गाडीनंतर त्या फडक्यात धुळीचे कण अडकलेले असतात आणि पुसणाऱ्याचा हात कितीही हलका असला तरी ते आपले काम करतातच. दोष पुष्कळदा त्या कामगाराच्या माथी मारला जातो. खरे पाहता उणीव पाण्याची आणि स्वच्छ फडक्यांची असते.

आता घर्षणाने पृष्ठ गुळगुळीत कसे होते हा प्रश्न. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात काचेच्या संदर्भात याचे उत्तर दिले आहे. त्याचा आशय असा की, घोटण्याने काच निर्दोष होत नाही. चूर्णाचे कण जितके बारीक तितके चरे बारीक होत जातात आणि शेवटी ते डोळ्यांना दिसेनासे होतात. मोटारीच्या लेपालाही हे तत्त्व सामान्यतः लागू पडते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन आहे. पृष्ठावरील उंचसखलपणा या मापाच्या मानाने बराच लहान झाला, म्हणजे प्रकाश विखुरत नाही, आरशाप्रमाणे परावर्तित होतो. म्हणून घोटण्याच्या मलमात ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण द्रव्याचे अतिसूक्ष्म कण असतात. मोठे चरे लहान चऱ्यांच्या मोबदल्यात घालवायचे, असा हा व्यवहार आहे.

हाताने हे काम करण्याची रीत पुढीलप्रमाणे. गाडी सावलीत असावी व पत्रा थंड असावा. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत साबणाचे पाणी व दुसरीत फडके खळबळण्यासाठी स्वच्छ पाणी. गाडी वरून खाली धुवावी. धुऊनही हाताला खरखर लागत असेल, तर ओलसर पृष्ठावरून खास मातीचा गोळा हलके फिरवून चिकटलेले कण उचलून घ्यावेत. मग व्रणाची परीक्षा करावी. रेघेवरून आडवे नख फिरविले असता ते अडकले, तर तो चरा बहुधा हाताने घोटून जाण्यापलीकडचा आहे असे समजावे आणि तो थोडा सौम्य करण्यावर समाधान मानावे.

पत्र्याच्या कडा व उठावाच्या रेषा यांवर लेप पातळ असतो. त्यांवर चिकटपट्टी लावावी. सर्वांत सौम्य मलम घेऊन एका कोपऱ्यात लहानशा जागी प्रयोग करावा. त्याने भागले तर अधिक तीव्र मलमाला हात लावू नये. एका वेळी सुमारे दीड फूट लांबी-रुंदीचा चौकोन घ्यावा. स्पंजाच्या गादीवर मलमाचे तीन-चार थेंब घेऊन, तळहाताचा सारखा दाब देत, प्रथम उभे व मग आडवे, एकमेकांवर थोडे चढणारे सरळ फटके द्यावेत. बोटांच्या टोकांनी दाबू नये. दाब चार ठिकाणी एकवटतो आणि चार पन्हळी उमटतात. काही मिनिटांनी स्वच्छ मऊ कापडाने मलम पुसून एकाच बिंदूतून येणाऱ्या प्रखर प्रकाशात पाहावे. गादी किंवा कापड एकदा जमिनीवर पडले की ते धुतल्यावाचून पुन्हा वापरू नये. शेवटी मेणाचा किंवा तत्सम रक्षक द्रव्याचा पातळ हात द्यावा.

मेणाआधी एक पडताळा अवश्य करावा. पुष्कळ मलमांत तेले व मेणे असतात; ती चऱ्यात भरून बसतात आणि व्रण गेल्याचा आभास निर्माण करतात. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठ पुसले की हे भरण निघून जाते आणि खरी स्थिती दिसते. 'ओरखडे गेले' या एका वाक्यामागे त्यामुळे चार भिन्न घटना असू शकतात. दुसऱ्या गाडीचा रंग केवळ वर लागलेला असेल, तर तो *पुसला* जातो आणि लेपाला धक्का लागत नाही. चरा मेणाने *भरला* जातो, आणि काही धुण्यांनंतर परत दिसू लागतो. चऱ्याच्या कडा *बोथट* होतात, त्यामुळे तो आहे तेथेच राहून दिसेनासा होतो. हाताच्या कामात पुष्कळदा हेच घडते. किंवा सबंध पृष्ठ चऱ्याच्या तळापर्यंत *घोटले* जाते. मराठीत यांसाठी वेगळी क्रियापदे हाताशी आहेत. आपण मात्र चौघींना 'काढणे' या एकाच छत्राखाली बसवितो.

क्रियेच्या दुसऱ्या टोकाचे, म्हणजे चकाकीचे, वर्णनही तितकेच फसवे आहे. आपण 'ओप देतो', 'झिलई चढवितो', 'पॉलिश मारतो'. 'झिलई' हा शब्द अरबीतील 'जिला' म्हणजे तेज यावरून आला. 'शिकलगार' हा शस्त्रे उजळणारा कारागीर फारसीतील 'सैकलगर' होय. या प्रयोगांत तेज ही बाहेरून आणून ठेवण्याची वस्तू आहे. मुलाम्याच्या बाबतीत ते खरे आहे, कारण तेथे खरोखरच धातूचा थर वर येतो. घोटण्यात मात्र काहीच वर येत नाही. वजाबाकी चाललेली असता भाषा बेरीज सांगते.

पूर्वी या विसंगतीने फारसे बिघडत नसे. १९२३ साली अमेरिकेत मोटारींवर प्रथम वापरल्या गेलेल्या 'ड्यूको' या नायट्रोसेल्युलोज रंगाला घोटल्यावाचून पुरती चकाकी येत नसे, आणि त्यावर वेगळा पारदर्शक लेप नसल्याने घोटताना गाडीचा रंग फडक्यावर उतरे. काय खर्च होत आहे हे कारागिराला डोळ्यांनी दिसे. १९८० नंतरच्या काळात पारदर्शक लेप सार्वत्रिक झाला आणि हा साक्षीदार गेला. आता फडक्यावर रंग येत नाही. मलमाचा पांढरेपणा तेवढा दिसतो. ग्राहकास वाटते, काहीतरी लावले जात आहे आणि जितक्यांदा लावावे तितके बरे. म्हणून दरवर्षी 'रबिंग-पॉलिश' करून घेण्याचा आग्रह धरला जातो. जाडी मोजण्याची साधी यंत्रे सर्व थरांची एकूण जाडी सांगतात, पारदर्शक लेपाची स्वतंत्र जाडी सांगत नाहीत. तेव्हा शिल्लक किती हे नेमके कळण्याची सोय सामान्य कारखान्यात नसते. लेप अति पातळ झाला की उन्हाने तो पांढुरका पडून पापुद्र्यांनी सुटू लागतो, आणि त्यावर पुन्हा रंगविण्यावाचून उपाय उरत नाही.

हाताने घोटण्याचे महत्त्व यामुळेच आहे. यंत्राच्या मानाने हात मंद आहे आणि कठीण लेपावरचे सर्व जाळे त्याला घालविता येत नाही. पण त्या मंदपणामुळे एका बैठकीत फार खर्चही होत नाही आणि थांबून पाहण्यास अवकाश मिळतो. जो चरा ऐन उन्हात, विशिष्ट कोनातूनच दिसतो, तो तसाच राहू देणे हा पुष्कळदा अधिक शहाणपणाचा निर्णय ठरतो. परिभाषा घडविणाऱ्यांनी नवे संस्कृत शब्द जुळविण्यापूर्वी 'पुसणे', 'भरणे' आणि 'घोटणे' हे घरचेच शब्द काटेकोरपणे वापरावयास सुरुवात केली, तरी बरेच साधेल. 'तीन वेळा पॉलिश केले' याऐवजी 'तीन वेळा घोटले' असे म्हणणाऱ्या ग्राहकास चौथ्या वेळी विचार करावासा वाटेल, असे मानण्यास हरकत नाही.