ससा रडत नाही, म्हणून…

मैत्रिणींनो, सुट्टी लागली की घरोघरी एक हट्ट सुरू होतो. “आई, आपण काहीतरी पाळू या ना!” कुत्रा म्हटलं की सोसायटीवाले डोळे वटारतात, मांजर म्हटलं की सासूबाई दुधाचं पातेलं झाकायला धावतात. मग उरतो तो ससा. पांढराशुभ्र, कापसासारखा मऊ, ना भुंकणार ना ओरडणार. एवढ्याशा जागेत राहील, गाजर खाईल आणि मुलं खूश! आम्हीही अगदी असाच हिशेब केला होता. तो कुठे चुकला, ते सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये धाकट्याच्या वाढदिवसाला ह्यांनी मुंबईहून एक पिल्लू आणलं. मुलांनी त्याचं नाव ठेवलं कापश्या. विकणाऱ्याने सांगितलं होतं, “गाजर, ब्रेड, बिस्किट, काहीही खातो. पाणी लागत नाही.” आम्ही विश्वास ठेवला. गॅलरीत पत्र्याखाली तारेच्या पिंजऱ्यात त्याची सोय केली. मुलं त्याला कान धरून उचलत, शेजारची मुलं बिस्किटं भरवत. मे महिन्याच्या शेवटी एके दिवशी तो कोपऱ्यात अंग आखडून बसला. मला वाटलं, उकाडा आहे, बसला असेल. दुसऱ्या दिवशीही गाजर तसंच पडलेलं. थोरलीच्या घशासाठी आणलेलं औषध बाटलीत उरलं होतं, त्यातलंच चमचाभर मी त्याला पाजलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कापश्या आडवा पडला होता.

धाकट्याने मला एकच विचारलं, “आई, त्याला दुखत होतं, तर तो रडला का नाही?”

मी अर्धवेळ शिक्षिका आहे, मुलांच्या प्रश्नांची सवय आहे. पण ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर जनावरांच्या डॉक्टरांकडे जाऊन बसले, मिळेल ते वाचलं, तेव्हा कळलं. ससा हे कोल्ह्या-घारीचं भक्ष्य. जो दुबळा दिसतो तो आधी पकडला जातो. म्हणून कितीही दुखलं तरी ते न दाखवणं हेच त्याच्या रक्तात आहे. तेव्हा त्याच्या रडण्याची वाट पाहायची नसते. त्याच्या ताटाकडे आणि लेंड्यांकडे पाहायचं असतं. सशाची सगळी निगा ह्या एका गोष्टीभोवती फिरते.

गाजर नव्हे, गवत

सशाचं खरं जेवण म्हणजे सुकं गवत. दिवसभराच्या खाण्यातला ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग गवताचा हवा आणि ते चोवीस तास समोर हवं. कारण काय? त्याला अठ्ठावीस दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात तर वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर वाढतात. गवत तासन् तास चावलं तरच ते झिजतात. नाही झिजले तर जिभेला, गालाला टोचतात आणि प्राणी उपाशी राहतो. शिवाय त्याचं पोट सतत चालू राहावं लागतं. गवतातल्या तंतूंनीच ते चालतं. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत जे अडेल ते अडूनच बसतं.

ब्रेड, बिस्किट, पोळी, भात, डाळी ह्यांनी पोटात आंबून गॅस धरतो. गाजरात साखर बरीच, म्हणून एक पातळ चकती आठवड्यातून दोनदा पुरे. आपण चिकूच्या मुलखात राहतो, पण घोलवडचा चिकूही नखाएवढाच द्यायचा, तोही बी काढून आणि कधीतरी. गाजराचा पाला मात्र खुशाल द्या!

गवताच्या बाबतीत आपण पालघरच्या बायका भाग्यवान. आपल्या भागातलं गवत कित्येक वर्षं मुंबईच्या तबेल्यांना जात आलं आहे. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी जो लढा दिला, त्यातही गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न होता. दिवाळीच्या सुमाराला कापणी होते, तेव्हाच एक भारा घ्या, दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवा आणि माळ्यावर गोणपाटात भरून ठेवा. पावसाळ्यात मधूनमधून हुंगून पाहा. कुबट वास आला किंवा बुरशी दिसली तर ते गवत टाकून द्या. भाताचा पेंढा अंथरायला छान, पण त्यात सत्त्व कमी, नुसत्या पेंढ्यावर ससा ठेवू नये.

सोबत रोज वजनाच्या किलोमागे वाटीभर ताजा पाला द्या. दूर्वा, कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला, तुळस, बांबूची पानं, जास्वंदीची पानं-फुलं, सगळं चालतं. आलटून पालटून द्यावं. नवा पाला पहिल्या दिवशी दोन पानंच. कोबी-फ्लॉवर बेतानंच, त्यानं पोट फुगतं. लसूणघास वाढत्या पिल्लांना चांगला. मोठ्यांना त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. पाला धुऊन, पाणी निथळून द्या. रस्त्याकडेचं किंवा कारखान्यांच्या नाल्याकाठचं गवत कापून आणू नका.

कांदा, लसूण, अळू, बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला, कण्हेर, रुई, घाणेरी, धोतरा, एरंड आणि गॅलरीतला मनीप्लँट ह्यांपासून त्याला दूर ठेवा.

आणि ‘ससा पाणी पीत नाही’ हे साफ खोटं. दोन किलोचा ससा दिवसाला शंभर ते दोनशे मिलिलिटर पाणी सहज पितो, उन्हाळ्यात त्याहून अधिक. जड मातीचं किंवा चिनी मातीचं पसरट भांडं ठेवा, म्हणजे कलंडत नाही.

एक गोष्ट पाहून दचकू नका. सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या. एक कोरड्या, वाटाण्यासारख्या गोल. दुसऱ्या मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या, त्या तो पडल्या-पडल्या खाऊन टाकतो. आपल्याला किळस वाटते, पण त्यांतूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात. खाऊ द्यावं.

जागा कशी असावी?

पिंजरा फक्त झोपण्यापुरता. त्यात त्याला तीन-चार उड्या मारता याव्यात आणि मागच्या पायांवर उभं राहता यावं. तळ तारेचा नको, तळपायांना जखमा होतात. लाकडी फळी टाकून वर चटई आणि पेंढा अंथरा. रोज तीन-चार तास तरी खोलीत मोकळं सोडा. आधी विजेच्या वायरी उचलून ठेवा, तो त्या कुरतडणारच! सशाला जागेची सवय लागते. तो ज्या कोपऱ्यात लघवी करतो तिथेच एक पसरट तसराळं ठेवा, खाली वर्तमानपत्र आणि वर गवत. आठ-पंधरा दिवसांत तो आपणहून तिथे जाऊ लागतो.

आपलं ऊन, आपला पाऊस

सशाला थंडी सोसते, उकाडा सोसत नाही. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. पारा तीसच्या वर गेला की त्याला त्रास होऊ लागतो आणि आपल्या किनाऱ्यावर तर वर दमटपणाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये त्याला घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवा. शहाबादी फरशीचा तुकडा ओला करून द्या, तो त्यावर पोट टेकून पडतो. पाण्याची बाटली बर्फ करून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली तरी चालते. तो तोंड उघडून धापा टाकू लागला, तर कान साध्या पाण्याने ओले करा आणि लगेच डॉक्टर गाठा. बर्फाच्या पाण्यात मात्र बुडवू नका. एरवीही सशाला आंघोळ घालायची नसते. तो घाबरतो, अंग गार पडतं आणि दगावूही शकतो. केस आठवड्यातून दोनदा विंचरले की झालं.

पावसाळ्यात मागची बाजू रोज पाहा. लघवीने किंवा मऊ लेंडीने केस भिजलेले राहिले, तर माश्या अंडी घालतात आणि बघता बघता किडे पडतात.

उचलताना

कान धरून कधीही उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली आणि अंगाशी धरायचं. मागचा भाग लोंबकळला तर तो जोरात लाथ मारतो आणि त्या झटक्याने त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. लहान मुलांनी उचलूच नये, जमिनीवर बसून कुरवाळावं.

औषधाची बाटली दूर ठेवा

हे मी हात जोडून सांगते. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन ही आपली नेहमीची औषधं सशाच्या तोंडात गेली, तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि जीवही जाऊ शकतो. माझ्या चमचाभर औषधात काय होतं, ते नंतर बाटलीवर वाचलं. कापश्या त्या औषधानेच गेला की आधीच्या उपासाने, हे आता कोण सांगणार? पण तो चमचा मी विसरलेले नाही. तसंच कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारे फिप्रोनिलचे थेंबही सशाला विषारी आहेत.

बारा तास खाल्लं नाही, लेंड्या बारीक झाल्या किंवा थांबल्या, दात करकर वाजवत कोपऱ्यात बसला, मान एका बाजूला वळली, नाक वाहू लागलं, यांतलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. गाई-म्हशी पाहणाऱ्या सगळ्याच डॉक्टरांना सशांची सवय नसते, म्हणून ससा आणण्याआधीच ‘तुम्ही सशांवर उपचार करता का?’ असं विचारून ठेवा. अवघड दुखण्याला परळ आहे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथे १८८६ पासून आहे आणि जुनी माणसं ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयही तिथेच. डहाणूची लोकल २०१३ पासून आपल्या दाराशी आली आहे, पण सशाला न्यायचं तर सकाळची, कमी गर्दीची गाडी धरा.

एकाचे दहा

सशाला सोबत आवडते, पण नर-मादी एकत्र ठेवताना विचार करा. चार-सहा महिन्यांत ती वयात येतात. मादी महिन्याभरात, एकतीस दिवसांच्या आसपास, विते आणि त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लांचा नर-मादी भेद ओळखणं कठीण. बोईसरला माझ्या मैत्रिणीने ‘दोन माद्या’ म्हणून आणलेल्या सशांची दिवाळीपर्यंत अकरा जणांची पंगत झाली! पिल्लं झालीच तर आई त्यांना दिवसातून एक-दोनदाच, काही मिनिटं पाजते. तिने टाकली असं समजून हात घालू नका. जाणत्या डॉक्टरांकडून नसबंदी करून घेणं उत्तम. माद्यांना पुढे होणारा गर्भाशयाचा कर्करोगही त्याने टळतो.

नकोसे झालेले ससे माळावर सोडू नका, कुत्री-मुंगसं त्यांना एक रात्रही जगू देत नाहीत. आणि मनोर-जव्हारकडच्या रानातला ससा घरी आणू नका. तो वेगळ्या जातीचा आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

बोईसरच्या त्या पंगतीतलीच एक ठमी आता तीन वर्षं आमच्याकडे आहे. नीट सांभाळलं तर ससा आठ-दहा वर्षं जगतो, म्हणजे धाकटा कॉलेजात जाईपर्यंत ती असेल. रोज सकाळी दप्तर भरण्याआधी तो तिचं ताट पाहतो आणि जुन्या वहीत लिहितो : गवत संपलं, पाणी प्याली, लेंड्या ठीक. दोन मिनिटांचं काम! गेल्या श्रावणात एक दिवस त्याने लिहिलं, “मेथी तशीच. लेंड्या बारीक.” मी हातातली कणीक तशीच ठेवली आणि तिला टोपलीत घालून दवाखाना गाठला. पोटात गॅस धरला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा गवत कुरतडू लागली. घरी येताना धाकटा म्हणाला, “आई, ह्या वेळी आपल्याला कळलं ना गं?”

तेव्हा मैत्रिणींनो, गार जागा, वर्षभराचं गवत, ओळखीचा डॉक्टर आणि रोजची दोन मिनिटं, एवढं जमणार असेल तर ससा जरूर आणा. नसेल, तर मुलांचा हट्ट दुसऱ्या कशाने तरी भागवा. दोन दिवस रडतील, पण आपली मुलं निदान रडून सांगतात तरी.