नववास्तववाद आणि व्हित्तोरिओ दे सिका

इटालियन चित्रपट-दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका (१९०१–१९७४) यांच्या नावाशी जोडलेला नववास्तववाद (दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीतील सामान्यांचे जगणे प्रत्यक्ष स्थळी, बहुधा अभिनय हा पेशा नसलेल्या माणसांकरवी मांडणारी चित्रपटशैली) म्हणजे पटकथेविना रस्त्यावर टिपलेली दृश्ये, असा समज आढळतो; तो स्वाभाविक असला तरी अपुरा आहे, कारण मडक्याची माती शेतातली असली तरी त्याला आकार चाकावरच येतो. दे सिकांच्या ‘बायसिकल थीव्ज’चा (१९४८) नायक लाम्बेर्तो माज्जोरानी हा कारखान्यातील कामगार होता, परंतु चेझारे झाव्हात्तिनी व सहकाऱ्यांची पटकथा बारकाईने रचलेली होती आणि दे सिका स्वतः कसलेले नट होते. ‘उम्बेर्तो डी.’मध्ये (१९५२) भाषाशास्त्राचे प्राध्यापक कार्लो बात्तिस्ती यांनी प्रमुख भूमिका केली. प्रेक्षकांनी तेव्हा पाठ फिरवली, तरी दे सिकांच्या कलेचे शिखर हाच चित्रपट मानावा लागतो.