व्हिनेगरची बाटली उघडण्याआधी डाग ओळखा

आमच्या घरच्या ओट्यावर, शेगडीच्या उजव्या बाजूला, ताटलीएवढा एक फिका डाग आहे. ओटा काळ्या कडप्प्याचा, त्यामुळे डाग लांबूनही दिसतो. तो माझ्यामुळे पडला. दोन दिवाळ्यांपूर्वी साफसफाईत आईला मदत करायची म्हणून मी एका रीलमध्ये पाहिल्याप्रमाणे तेलकट झालेल्या ओट्यावर व्हिनेगर ओतलं आणि 'मुरू दे जरा' म्हणून जेवायला बसले. परत येऊन पुसलं, तर चिकटपणा होता तिथेच होता. गेली होती ती दगडाची चकाकी. आता त्या जागेवर आई मिक्सर ठेवते.

तुम्हीही असे व्हिडिओ पाहिले असतीलच. एक बाटली, आणि तिने नळापासून चिमणीपर्यंत सगळं लख्ख! व्हिनेगर स्वस्त आहे, किराणा दुकानात मिळतं, त्याला कृत्रिम सुगंध नसतो, आणि योग्य जागी वापरलं तर खरोखर कमाल करतं. पण ती योग्य जागा कोणती, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही.

बाटलीत असतं काय?

व्हिनेगर म्हणजे पाणी आणि त्यात थोडं ॲसिटिक ॲसिड. मराठीत शिरका, उत्तरेकडे सिरका. ढाब्यावर लालचुटुक कांदे ज्यात मुरवलेले असतात तेच. घरातल्या साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ ते ५ टक्के ॲसिड असतं. बाटलीवर 'सिंथेटिक व्हिनेगर' लिहिलेलं दिसलं तर बिचकू नका. ॲसिटिक ॲसिड पाण्यात पातळ करून ते बनवतात आणि साफसफाईला तेच उत्तम, कारण ते स्वस्त असतं आणि रंगहीनही. महागड्या ॲपल सायडर व्हिनेगरने नळ घासण्यात काही शहाणपणा नाही. गोव्यात नारळाच्या सुरेपासून बनतं ते व्हिनेगर तर विंदालू आणि सोरपोतेलसाठीच राहू द्या, ते बाथरूममध्ये नेणं म्हणजे पाप!

आणि एक गोष्ट मुळीच करू नका: पैसे वाचवायला तीव्र ॲसिटिक ॲसिड मागवून घरी पातळ करणं. त्याने कातडी भाजते आणि वाफेने डोळ्यांना इजा होते.

आजीच्या मोरीतलं रसायनशास्त्र

आपल्याकडे व्हिनेगर नव्हतं तेव्हा काय होतं, आठवून पाहा. तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच, लिंबाची साल, आमसूल, आंबट ताक. ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडू नये म्हणून तळाच्या पाण्यात लिंबाची फोड. पण तेलाची कढई घासायची वेळ आली की आजी चिंचेला हात लावत नसे. तेव्हा राख यायची.

यात सगळं आलं. चिंच, लिंबू, ताक आंबट, म्हणजे आम्लधर्मी. राख त्याच्या उलट, अल्कधर्मी. धातूवरचा काळपट थर आणि पाण्याचे पांढरे डाग आम्लाने विरघळतात. तेल-तूप सुटायला साबण, राख किंवा धुण्याचा सोडा लागतो. व्हिनेगर हे चिंचेच्या बाजूचं आहे, राखेच्या नव्हे. मी ओट्यावरचं तेल काढायला जे ओतलं, ते मुळातच चुकीच्या कपाटातलं होतं.

म्हणून एक्झॉस्ट फॅनवरचं चिकट किटण, फोडणीने तेलकट झालेल्या टाइल्स, चिमणीची जाळी यांसाठी गरम पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबणच घ्या. किटण जुनं असेल तर स्टीलच्या जाळीला पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घाला (हातमोजे घालून, आणि ॲल्युमिनियमच्या जाळीला सोडा नको, ती काळी पडते).

मग खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र?

फेस बघायला मजा येते, मुलांना तर फारच. पण एक आम्ल, दुसरं अल्क. दोघं भेटली की एकमेकांची ताकद मारतात. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उडून जातात आणि मागे उरतं ते जवळपास नुसतं खारट पाणी. तुंबलेलं सिंक या फेसाने मोकळं होत नाही. त्यासाठी प्लंजर बरा. दोन्ही वापरायचेच असतील तर वेगवेगळे वापरा: आधी सोड्याने घासा, नीट धुवा, मग व्हिनेगर.

व्हिनेगर खरं जिंकतं ते इथे

बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी ज्यांच्या नशिबी आहे, त्यांना हे सांगायला नको. नळाच्या तोटीवर पांढरे खडबडीत थर, शॉवरची अर्धी भोकं बंद, केटलच्या तळाला खवले. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं असं म्हटलं आहे. म्हणजे पाणी पिण्याजोगं असूनही केटलची वाट लागू शकते.

हा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आणि व्हिनेगर त्याला विरघळवतं.

केटलसाठी अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर घ्या, उकळी आली की बंद करा आणि अर्धा तास तसंच ठेवा. ओतून द्या, दोनदा धुवा, मग एकदा साधं पाणी उकळून तेही फेकून द्या. नाहीतर सकाळच्या चहाला लोणच्याचा वास! उकळताना खिडकी उघडी ठेवा, वाफ नाकाला झोंबते.

शॉवर काढता येत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घेऊन ती शॉवरला रबर बँडने बांधा, भोकं बुडली पाहिजेत. अर्धा-पाऊण तास पुरे. बऱ्याच ठिकाणी 'रात्रभर ठेवा' सांगतात, ते ऐकू नका. क्रोमचा मुलामा खराब होतो, आणि सोनेरी किंवा पितळी मुलाम्यावर तर व्हिनेगर लावूच नका. नंतर जुन्या टूथब्रशने भोकं घासून नळ जोरात सोडा. नळाच्या तोटीला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळलं तरी हेच काम होतं.

गीझरच्या आतला थर मात्र तुम्ही काढायचा नाही. वीज आणि पाणी एकत्र आहे तिथे मेकॅनिकच बोलवा.

काचा आणि आरशांना मगभर पाण्यात दोन-तीन चमचे व्हिनेगर पुरतं. हलकं फवारा, कोरड्या सुती फडक्याने पुसा. मायक्रोवेव्हमध्ये वाटीभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर आणि एक लाकडी चमचा ठेवून तीन-चार मिनिटं चालवा, दार पाच मिनिटं बंदच ठेवा, मग आतून पुसा. सुकलेले शिंतोडे इथे मुख्यतः वाफेने सुटतात, व्हिनेगर वास घालवतं. मासळीचा वास लागलेला डबा आणि चाकूही व्हिनेगरच्या पाण्याने धुवून बघा. तो वास अल्कधर्मी अमाइन्सचा असतो आणि आम्लाने दबतो. तळलेल्या बांगड्यावर आपण लिंबू पिळतो, त्यामागे चवीइतकंच हेही आहे.

तुमच्या भागात व्हिनेगर महाग पडत असेल तर किराणा दुकानात लिंबूसत्व मागा. ते सायट्रिक ॲसिडच. लिटरभर पाण्यात दोन चमचे घातलं की केटलचं काम होतं आणि वासही येत नाही. खरं सांगायचं तर केटलसाठी मी आता हेच वापरते.

ज्यावर थेंबही नको

ज्या रसायनाने नळावरचा थर विरघळतो, त्याच रसायनाने दगडही विरघळतो. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड, म्हणजे तेही तेच. जुन्या घरातल्या मोझॅकच्या फरशीत संगमरवराची खडी आणि सिमेंट असतं, दोघांनाही आम्ल चालत नाही. पोच्याच्या बादलीत झाकणभर व्हिनेगर घालण्याचा सल्ला याच घरांना महाग पडतो, कारण एका दिवसात काही दिसत नाही आणि वर्षभरात फरशी निस्तेज होते. पडलेला डाग पुसून जात नाही. पॉलिशवाल्याला बोलवावं लागतं, आणि मग ते 'स्वस्तात मस्त' कुठलं? देवघराचा संगमरवर असेल तर आधीच घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

ग्रॅनाइट जास्त चिवट, पण त्याच्यावरच्या सीलरसाठी तिथेही साबणाचं पाणीच बरं. बिडाच्या तव्याला व्हिनेगर लावू नका, गंज चढतो. मोत्यांनाही नको. आणि ज्या फोनवर तुम्ही हे वाचताय, त्याच्या काचेवरही नको. तिच्यावर बोटांचे डाग न धरणारा पातळ लेप असतो, तो झिजतो.

हे एवढं मात्र घरच्या प्रत्येकाला सांगा

व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र आणू नका. ब्लीचमधल्या हायपोक्लोराइटला आम्ल मिळालं की क्लोरीन वायू सुटतो. लिक्विड ब्लीच असो वा ब्लीचिंग पावडर, आणि आम्ल व्हिनेगरचं असो वा टॉयलेट क्लीनरमधलं, परिणाम तोच. आपली बाथरूम लहान, खिडकी वितभर, दार बंद. 'एकाने नाही निघालं, तर दुसरंही टाकून बघू' हा विचार तिथे जिवावर बेतू शकतो. एकामागून एक वापरतानाही मधे भरपूर पाण्याने धुतलं नसेल तरी धोका आहेच. हायड्रोजन पेरॉक्साइडशीही व्हिनेगर एका बाटलीत मिसळू नका.

चुकून मिसळलंच, डोळे चुरचुरायला लागले, खोकला आला, तर धुवायला थांबू नका. दार उघडं टाकून मोकळ्या हवेत या आणि इतरांनाही आत जाऊ देऊ नका. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर ११२ ला फोन करा. घरकामाला मावशी येत असतील तर त्यांना हे सगळ्यात आधी सांगा. बाथरूम बहुतेक त्याच घासतात आणि बाटलीवरची बारीक इंग्रजी अक्षरं त्यांना कुणी वाचून दाखवत नाही.

जंतू मरतात का, हा प्रश्न हमखास येतो. काही मरतात, सगळे नाही. कच्चं चिकन कापलेला पाट किंवा घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले असतील तेव्हाचं संडास, इथे व्हिनेगरच्या भरवशावर राहू नका. आधी साबण आणि गरम पाणी, मग जंतुनाशक, तेही त्याच्या लेबलवर लिहिल्याप्रमाणे आणि लिहिलेला वेळ ठेवून.

पातळ केलेलं व्हिनेगर स्प्रे बाटलीत भरलंत तर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव लिहा, घरात जी भाषा सगळ्यांना वाचता येते तिच्यात. पाण्याच्या जुन्या बाटलीत तर भरूच नका, ते दिसायला अगदी पाण्यासारखं असतं. आणि नवीन पृष्ठभाग असेल तर आधी कोपऱ्यात, कपाटाच्या मागे वगैरे, एक थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. पुसल्यावर तिथे चमक कमी दिसली, तर बाटलीला झाकण लावा.