मंडळीचा वर्धापनदिन आणि धर्माचा रकाना

कागलच्या बाजूला आमचे एक ख्रिस्ती स्नेही राहतात. त्यांच्या मंडळीच्या इमारतीचा वर्धापनदिन होता. उपासनेला या आणि जेवूनच जा, असा त्यांचा आग्रह. आम्ही गेलो. जाण्यापूर्वी चळवळीतल्या एका कार्यकर्त्याने विचारलेच, "तुम्ही बौद्ध माणसं, तुमचं चर्चमध्ये काय काम?" काम होते, म्हणून तर हा लेख.

दारातच स्नेह्यांनी "जयभीम" म्हटले, आम्ही "सलाम" म्हटले. दोघांनी एकमेकांचा नमस्कार घेतला आणि हसलो.

इमारत साधीच. दगडी भिंती, वर कौले, नुकताच मारलेला चुना, दारावर रंगीत कागदाच्या पताका. आत एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. पेटी-तबल्यावर गायने झाली, पाळकांनी वचन सांगितले. मग मंडळीतले एक वृद्ध उठले आणि इमारत बांधताना कुणी काय दिले याची जुनी वही वाचू लागले. कुणाची दगडाची गाडी, कुणाचे खिडकीचे गज, कुणाची आठ दिवसांची मजुरी. रुपयांचे आकडे फार थोडे, अंगमेहनतच जास्त. नावे ऐकता ऐकता आम्ही सावध झालो. कांबळे, आवळे, पुन्हा कांबळे. अहो, ही तर आमच्याच वाड्याची यादी! गावकुसाबाहेरच्या माणसांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली आणि ज्याच्या दारात त्यांना कुणी अडवणार नाही अशी बहुधा ही पहिलीच इमारत असावी. त्याआधी त्यांनी दुसऱ्यांची देवळे, वाडे, धर्मशाळा यांचे दगड वाहिले होते आणि काम संपल्यावर ते बाहेर उभे राहिले होते.

हे घडले कसे, हे आजच्या तरुणांना माहीत हवे. रॉयल गोल्ड वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आला. मिशनरी आला तो धर्म सांगायला, समाजक्रांती करायला नव्हे, हे आम्ही विसरत नाही. पण त्याच काळात बाहेर काय चालले होते? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि मुंबई सरकारने तो नाकारला. एका मुलासाठी बाकीच्यांची शाळा मोडेल, ही सरकारची भीती. बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांच्या शिक्षणाची कैफियत मांडली, तेव्हा हे धारवाडचे प्रकरण पुराव्यादाखल दिले. इंग्रज सरकार ज्या मुलाला दारात उभे करीत नव्हते, त्याच्यासाठी मिशनच्या शाळेचे दार निदान किलकिले होते. अहमदनगरची मिसेस नव्हे, मिस फरार यांची मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली होती. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली छापला तो 'ज्ञानोदया'ने, म्हणजे मिशनच्याच पत्राने. ज्याचे श्रेय त्याला द्यावे.

पण कागलच्या माणसाला याहून मोठी गोष्ट सांगायची आहे. राजर्षी शाहू महाराज हे कागलच्या घाटगे घराण्यातले. १८८४ साली दत्तक जाऊन ते करवीरचे छत्रपती झाले. ज्या माणगावात १९२० च्या मार्चमध्ये महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची जाहीर ग्वाही दिली, ते माणगावही कागल जहागिरीतले. एवढे आपल्याला पाठ आहे. त्याच्या आदल्या वर्षीचा, १९१९ चा हुकूम मात्र फार थोडे वाचतात. सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, पाणवठे, विहिरी येथे अस्पृश्यांना विटाळ मानायचा नाही, असे महाराजांनी फर्मावले. मानला तर गावच्या पाटील-तलाठ्याला जबाबदार धरले जाईल, असेही बजावले. आणि वागायचे कसे? तर अमेरिकन मिशनचे डॉ. व्हेल ख्रिस्ती इमारतींत आणि विहिरींवर सर्वांना जसे समतेने वागवतात, तसे!

हे डॉ. व्हेल मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचे. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली उभारलेले ते हॉस्पिटल. आता बघा, छत्रपतींच्या गादीवरचा राजा आपल्या अंमलदारांना समतेचा नमुना दाखवतो आणि तो नमुना कुठला? परक्या मुलखातून आलेल्या एका डॉक्टरचा. संस्थानात देवळे काय कमी होती? मठ कमी होते? त्यातले एकही दाखवण्याजोगे नव्हते. हा हुकूम मिशनची शिफारस आहेच, पण त्याहून अधिक तो आपल्या समाजव्यवस्थेवरचा आरोप आहे. महाराज ख्रिस्ती झाले नाहीत. जिथे चांगले दिसले तिथून घेतले आणि कायद्याच्या जोरावर सर्वांसाठी लागू केले. कोल्हापुरात त्यांनी जातवार वसतिगृहे काढली, त्यात अस्पृश्यांसाठी १९०८ चे मिस क्लार्क बोर्डिंग आहे, तसे १९१५ चे इंडियन ख्रिश्चन होस्टेलही आहे.

आता दुसरी बाजू. ती लपवून ठेवली तर आम्ही आंबेडकरी कसले?

१ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात बाबासाहेब ख्रिस्ती समाजापुढे बोलले. ते भाषण पुढे 'जनता'मध्ये आले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला ओढून घेतले, असे त्यांनी तिथे सांगितले. आणि लगेच कानही उपटले. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते, आणि तुम्ही शिकलेले असून राजकारणापासून अलिप्त राहता, म्हणून तुमची दखल कुणी घेत नाही, असा त्या बोलण्याचा आशय. पुढे त्यांनी धर्मांतरितांच्या स्थितीवर सविस्तर लिहिले. ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध चळवळ करीत नाही, ही त्यांची तक्रार तिथेही आहे. आजही दक्षिणेत काही दफनभूमींत दलितांसाठी भिंत आहे. गोव्यात बामण आणि सुदीर हे शब्द चर्चच्या पायरीवर गळून पडलेले नाहीत. आणि आपल्याकडे? लग्न जुळवताना आधीची जात हळूच विचारली जातेच. आम्ही स्नेह्यांना हे विचारले. ते म्हणाले, "विचारतात की. तुमच्यात विचारत नाहीत होय?" आम्ही गप्प बसलो.

तरीही खरा अन्याय चर्चच्या आत नाही, तो दिल्लीच्या एका कागदात आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद. हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा नाही, असे त्यात लिहिले. १९५६ साली शिखांना आत घेतले. बौद्धांना घ्यायला १९९० साल उजाडले. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण दीक्षा घेतली आणि चौतीस वर्षे केंद्राच्या लेखी आपण कुणीच नव्हतो. महाराष्ट्राने १९६० मध्ये राज्याच्या सवलती दिल्या म्हणून निभावले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित मात्र अजून बाहेरच आहेत. राज्यात त्यांना इतर मागासवर्गात जागा आहे, पण अनुसूचित जातीची राखीव जागा नाही आणि ॲट्रॉसिटीचे संरक्षण नाही. २०२५ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पाळकाच्या प्रकरणात हेच सांगितले. तू ख्रिस्ती झालास, आता हा कायदा तुझ्यासाठी नाही! शिवी देणाऱ्याने शिवी देताना त्याचा धर्म विचारला होता काय?

मद्रासच्या सूसाईची गोष्ट तर प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक हवी. रस्त्याच्या कडेला चपला शिवणारा माणूस. सरकारने चांभारकाम करणाऱ्या अनुसूचित जातीच्या लोकांना फुकट टपऱ्या दिल्या. त्याला दिली नाही, कारण तो ख्रिस्ती. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५ साली हरला. धर्मांतरानंतरही तेवढाच जाच राहतो हे सिद्ध झालेले नाही, असे न्यायालय म्हणाले. तीच आरी, तोच फुटपाथ, आणि पुरावा आणखी कसला हवा होता? रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली तिसरा परिच्छेद काढून टाका असे सांगितले. त्यावर काही झाले नाही. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला, त्याला मुदतवाढही मिळाली.

आमच्यातले काही म्हणतात, ते आत आले तर आपला वाटा कमी होईल. ही भीती खोटी नाही. पण १९९० पूर्वी आपल्याबद्दलही हेच बोलले जात होते, हे कसे विसरता? ताट मोठे करा म्हणून भांडायचे, की शेजाऱ्याला पंगतीतून उठवायचे? लोकसंख्या वाढली की वाटाही वाढवा, ही मागणी दोघांनी मिळून करता येते. विटाळ सोसताना आपण एकाच पाणवठ्याच्या खालच्या अंगाला उभे होतो.

दुपारी पंगत बसली. भाकरी, मटण, तांबडा रस्सा. वाढणारे सगळे घरचेच. जेवण झाल्यावर स्नेह्यांनी मुलीला बोलावले. ती कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म घेऊन आली. तिच्या आजोबांच्या दाखल्यावर मास्तरांनी 'हिंदू महार' लिहून टाकले होते, ते तसेच खाली उतरत आले. चुलत्याच्या दाखल्यावर 'ख्रिस्ती' आहे, म्हणून तो दुसऱ्या प्रवर्गात. एक घर, एक चूल, रविवारी एकच बाक, आणि सरकारच्या लेखी दोन माणसे.

"काका, धर्माच्या रकान्यात मी काय लिहू?" मुलीने विचारले. "खरं लिहिलं तर सवलत जाते. खोटं लिहिलं तर आज गायलेलं गाणं खोटं."

आम्ही तिला काय सांगणार? आमच्या वडिलांनीही 'बौद्ध' लिहिण्यासाठी एका कचेरीत दिवसभर वाद घातला होता, तेवढे सांगितले. मग स्नेह्यांना म्हटले, आमच्या तालुक्याच्या पुढच्या बैठकीत तिसऱ्या परिच्छेदाचा ठराव आम्ही मांडतो, तुम्ही येऊन बोला. ते जरा वेळ थांबले.

"येतो," ते म्हणाले, "पण मला भाषण जमत नाही. ही बोलेल."