घरचा डॉक्टर आणि त्याचें मत

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय तुम्हांआम्हां सर्वांच्या परिचयाचा आहे. घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे ज्याच्याकडे आपण धांव घेतों, तो घरचा डॉक्टर आपल्याला केवळ औषधच देतो असें नाहीं. तो मतही देतो. मुलाला कोणत्या शाखेला घालावें, म्हाताऱ्या आईला एकादशीचा उपास करूं द्यावा कीं नाहीं, मुलीचें लग्न यंदा करावें कीं दोन वर्षें थांबावें, आळींतल्या नळाला गढूळ पाणी कां येतें, आणि येत्या निवडणुकींत कोणाला निवडून द्यावें, हे सारे प्रश्न नाडी पाहून झाल्यावर औषधाची चिठ्ठी लिहून होईपर्यंतच्या चार मिनिटांत विचारले जातात. डॉक्टरही बहुधा उत्तर देतात. ह्या उत्तरांचें मोल कोठें किती धरावें, ह्याचा थोडा विचार आज करूं.

प्रथम हा विश्वास उत्पन्न कसा होतो तें पाहिलें पाहिजे. मी ज्या सातपुरांत राहतों, तें त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावरचें मूळचें शेतकऱ्यांचें गांव. १९६० नंतरच्या दशकांत येथें औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि खानदेशांतून, मराठवाड्यांतून, परप्रांतांतूनही कामगार येऊन राहूं लागले. गांवाकडे सल्ला देणारा चुलता होता, आजी होती, पाटील होता. येथें एका खोलीच्या बिऱ्हाडांत तें कोणीच नव्हतें. शेजारी पहिल्या पाळीला गेलेला, आपण रात्रपाळीहून आलेलों. मग शहाणपणाची गोष्ट विचारावी कोणाला? वडीलकीची ती रिकामी जागा पुष्कळ ठिकाणीं डॉक्टरनें भरून काढली. कंपौंडरनें बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून द्यावी आणि आंतून डॉक्टरांनीं, "पगार झाला कीं आधीं दुकानदाराचें देणें फेडा," असें बजावावें, हें मीं अनेकदां ऐकलें आहे.

ह्यांत नवल कांहीं नाहीं. घरांत दारू कोण पितो, सुनेच्या हातावरचा वळ कशाचा आहे, आजोबांच्या औषधाला पैसे नाहींत परंतु बारशाला आहेत, हें सर्व डॉक्टर पाहतो. आपण दुबळे असतांना ज्यानें आपल्याला पाहिलें आणि तरीही हेटाळलें नाहीं, त्याच्या शब्दाला आपोआप वजन येतें. परंतु वजन एका गोष्टीमुळें यावें आणि तें दुसऱ्याच गोष्टीसाठीं वापरलें जावें, असेंही होऊं शकतें. म्हणून डॉक्टरच्या मतांचे तीन वर्ग करावे असें मला वाटतें. पहिला, शास्त्रानें सिद्ध झालेल्या गोष्टींचा. दुसरा, अनेक घरें पाहून त्याला आलेल्या अनुभवाचा. आणि तिसरा, तुमच्याआमच्यासारखा एक नागरिक म्हणून त्याला जें वाटतें त्याचा.

पहिल्या वर्गांतलें मत ऐकावें, मग तें आपल्याला रुचो वा न रुचो. लहान मुलाला हगवण लागली कीं आई त्याचें पाणी तोडते, आणि बाप म्हणतो, सलाईन लावा. डॉक्टर सांगतो कीं पाणी तोडूं नका. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजा. ही जलसंजीवनी दिसावयास क्षुल्लक दिसते. परंतु १९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धांत निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ आली आणि सलाईन अपुरें पडलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं बनगांव येथें ह्याच उपायानें असंख्य जीव वांचविले. मूल वांती करून पाणी ठरूं देत नसेल, डोळे खोल जाऊन निपचित पडलें असेल, तर मात्र दवाखाना गांठलाच पाहिजे. तसेंच साध्या सर्दीपडशाचें. तें विषाणूंमुळें होतें, आणि अँटिबायोटिक गोळ्या जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर चालत नाहींत. त्या उगाच घेत राहिल्यानें जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात आणि खऱ्या गरजेच्या वेळीं औषध निकामी ठरतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. सुई नको, सलाईन नको, गोळी नको, असें सांगणारा डॉक्टर स्वतःच्या पदराला खार लावून सांगत असतो. नाराज झालेला रोगी शेजारच्या दवाखान्यांत जातो आणि तेथें सुई टोंचून घेऊन समाधानानें घरीं येतो. जें मत देतांना देणाऱ्याला कांहीं गमवावें लागतें, तें निदान लोभानें दिलेलें नसतें, एवढें तरी खास.

शास्त्र खरें असलें तरी तें कोणाच्या तोंडून आणि कोणत्या रीतीनें येतें ह्यालाही महत्त्व आहे. १८९७ सालच्या पुण्याच्या प्लेगचें उदाहरण घ्या. रोग्याला वेगळें ठेवावें, हें सरकारचें म्हणणें चुकीचें नव्हतें. परंतु त्यासाठीं गोरे सोजीर घरांत घुसले. देवघर, माजघर कांहीं राहिलें नाहीं. माणसें ओढून नेलीं गेलीं. लोकांचा संताप अनावर झाला आणि २२ जून रोजीं रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. त्याच साथींत, त्याच पुण्याजवळ, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत ह्यांनीं माळावर दवाखाना उघडून प्लेगचे रोगी वेगळे ठेवलेच होते. तेथें बंदूक नव्हती. आजारी मुलाला खांद्यावर घेऊन आणणाऱ्या सावित्रीबाईंना स्वतःलाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. उपाय एकच, एका ठिकाणीं तो जुलूम वाटला आणि दुसऱ्या ठिकाणीं माया वाटली. २०२० सालीं आलेल्या कोविडच्या साथींतही सरकारी जाहिरात वाचून पुष्कळांचा निश्चय झाला नाहीं. लस घ्यावी कीं न घ्यावी हें ते घरच्या डॉक्टरला विचारूनच मोकळे झाले.

आणि शास्त्रालाही त्या त्या काळाची मर्यादा असते हें विसरूं नये. प्लेगचा जंतु १८९४ सालीं सांपडला होता, परंतु उंदरांवरची पिसू तो माणसापर्यंत आणते, हें पोल-लुई सिमों ह्या फ्रेंच डॉक्टरनें १८९८ सालीं दाखविलें. तोंवर कपडे जाळले गेले आणि घरें धुतलीं गेलीं, पण पिसवेकडे फारसें कोणाचें लक्ष नव्हतें. म्हणून "हें आम्हांला ठाऊक आहे आणि हें अद्याप ठाऊक नाहीं," असें मोकळेपणीं सांगणारा डॉक्टर अधिक विश्वासार्ह समजावा.

आतां दुसरा वर्ग, अनुभवाचा. एकाच गल्लींतलीं दहा मुलें एकाच आठवड्यांत काविळीनें आजारी पडलीं तर डॉक्टरच्या ध्यानांत येतें कीं दोष मुलांचा नव्हे, नळाचा आहे. येथें वैद्यक आणि राजकारण ह्यांची हद्द पुसली जाते. कारण नळ, गटार, कारखान्याचा धूर आणि गोदावरीचें पाणी ह्यांचा निर्णय दवाखान्यांत होत नाहीं, महापालिकेंत आणि मंत्रालयांत होतो. अशा वेळीं डॉक्टरनें बोललेंच पाहिजे. त्यानें राजकारणांत पडूं नये असें म्हणणें म्हणजे धूर दिसला तरी आग म्हणूं नये असें म्हणण्यासारखें आहे. मात्र त्यानें आपला अनुभव मोजून मांडावा. गडचिरोलीच्या डॉ. अभय व राणी बंग ह्यांचें काम ह्याचा उत्तम दाखला आहे. त्यांनीं तेथें 'सर्च' ही संस्था काढली, आणि गांवांतल्याच बायकांना शिकवून नवजात अर्भकांची घरच्या घरीं शुश्रूषा सुरू केली. ३९ गांवांत ही व्यवस्था केली व शेजारचीं ४७ गांवें तुलनेसाठीं घेतलीं. हजार जन्मांमागें ६२ अर्भकें पहिल्या महिन्यांत दगावत असत, तीं तीन वर्षांत सुमारे २५ वर आलीं. १९९९ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकानें हा वृत्तांत छापला, आणि ती पद्धत पुढें देशभर स्वीकारली गेली. डॉक्टरचें मत मोजणीला उतरलें म्हणजे तें केवळ मत राहत नाहीं, तो पुरावा होतो.

कधीं कधीं अनुभवाचें मत आचरणांत आणावयास मोठी किंमत पडते. पुण्याचे डॉ. विश्राम रामजी घोले हे शस्त्रक्रियेंत निष्णात म्हणून प्रसिद्ध होते. १८८८ सालीं जोतीराव फुल्यांना पक्षघात झाला तेव्हां उपचार त्यांनींच केले. मुलींनीं शिकावें हें मत त्यांनीं दुसऱ्यांच्या मुलींपुरतें ठेवलें नाहीं. आपल्या काशीलाही शिकविलें. ती लहानपणींच वारली. शिक्षणाच्या द्वेषानें तिला खाण्यांतून कांच घातली गेली, असें पुण्यांत सांगतात. तिच्या स्मरणार्थ त्यांनीं बांधलेला पाण्याचा हौद सर्व जातींना मोकळा होता, आणि 'बाहुलीचा हौद' हें नांव पुण्यांत आजही टिकून आहे.

तिसरा वर्ग नागरिकाच्या मताचा. येथें मात्र डॉक्टरची पदवी दाराबाहेर ठेवावी. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे नागपूरचे नेत्रवैद्य. १९३७ सालीं त्यांनीं आमच्या नाशकांत भोंसला सैनिकी विद्यालय काढलें आणि हिंदुमहासभेचें राजकारण हिरिरीनें केलें. त्याच नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे हे १९३७ सालीं काँग्रेसच्या वतीनें मध्यप्रांताचे मुख्यमंत्री झाले, पुढील वर्षीं त्या पक्षाशीं त्यांचें फाटलें, आणि पुढें तेच हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. डॉ. घोले सत्यशोधक होते. ह्यांपैकीं कोण बरोबर, कोण चूक, हा प्रश्न आज मला सोडवावयाचा नाहीं. इतकेंच दाखवावयाचें आहे कीं खऱ्यांनीं पक्ष बदलला तेव्हां त्यांची वैद्यकी बदलली नव्हती. मोतीबिंदू काढण्याच्या कसबावरून राज्यकारभाराचें मत खरें ठरत नाहीं, आणि तें मत पटलें नाहीं म्हणून कसब कमी ठरत नाहीं. कोणाला निवडून द्यावें हें डॉक्टरनें सांगितलें तर तें शेजाऱ्यानें सांगितल्याप्रमाणें ऐकावें. त्यांतलें कारण तपासावें आणि मग आपल्या बुद्धीनें ठरवावें.

ह्या तीन वर्गांच्या पलीकडे एक चौथी गोष्ट आहे, आणि ती मत नसून मौन आहे. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड हे गोव्यांतील मांद्रें येथें जन्मलेले. १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलें त्याच्या पहिल्या तुकडींतले ते विद्यार्थी. गरिबांसाठीं धर्मार्थ दवाखाना, महारोगावर संशोधन, आणि १८५२ सालीं स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनमधून राजकारण, असा त्यांचा व्याप होता. १८६२ सालीं 'महाराज लायबल केस' ह्या नांवानें गाजलेला खटला मुंबईस चालला. करसनदास मुळजी ह्या पत्रकारानें वैष्णव महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला म्हणून जदुनाथजी महाराजांनीं त्याच्यावर बदनामीचा दावा लावला होता. त्यांत भाऊ दाजींची साक्ष झाली, आणि वादी महाराजांना गुप्तरोगाची बाधा झालेली होती व त्यासाठीं त्यांनीं आपला सल्ला घेतला होता, असें त्यांनीं शपथेवर सांगितलें. दावा करसनदासच्या बाजूनें निकाली निघाला. रोग्याचें गुपित डॉक्टरनें उघड केलें हें योग्य झालें काय? चव्हाट्यावर केलें असतें तर तें खचित निंद्य ठरलें असतें. परंतु न्यायासनासमोर शपथेवर विचारलें असतां खोटें बोलणें हा त्याहून मोठा अपराध झाला असता. आपल्या देशांत २००२ सालीं डॉक्टरांसाठीं जे आचारनियम झाले त्यांतही हीच मर्यादा आंखलेली आहे: रोग्याचें गुपित फोडूं नये, अपवाद फक्त न्यायाधीशाच्या आज्ञेचा, एखाद्या व्यक्तीला वा समाजाला गंभीर धोका असल्याचा, आणि ज्यांची वर्दी देणें सक्तीचें आहे अशा रोगांचा. जो डॉक्टर शेजारणीचें दुखणें आपल्याला रंगवून सांगतो, तो आपलेंही तिला सांगत असेल, हें ओळखून रहावें.

श्रोतेहो, असा घरचा डॉक्टर आतां दुर्मिळ होत चालला आहे. मोठीं रुग्णालयें वाढलीं, एकेका अवयवाचे तज्ज्ञ झाले. त्यांचा उपयोग फार मोठा आहे. परंतु सबंध माणूस आणि सबंध घर ज्याला ठाऊक आहे असा सल्लागार तेथें भेटत नाहीं, आणि ती उणीव आपण मोबाइलवर फिरत येणाऱ्या, कोणी लिहिल्या हें न कळणाऱ्या मजकुरानें भरून काढतों. त्या मजकुराला प्रश्न विचारतां येत नाहीं, डॉक्टरला येतो. तेव्हां विचारा. डॉक्टरनें कांहीं ठासून सांगितलें म्हणजे आदरानें एवढेंच म्हणा, "डॉक्टरसाहेब, हें शास्त्रानें ठरलेलें आहे, आपण स्वतः पाहिलेलें आहे, कीं आपल्याला तसें वाटतें?" चांगला डॉक्टर ह्या प्रश्नानें रागावणार नाहीं. तो क्षणभर थांबेल आणि खरें तें सांगेल. आणि जो रागावेल त्याच्या मताचें वजन त्याच्या रागावरूनच आपल्याला कळेल.