प्लगला करंट नाही

औरंगाबादजवळच्या वाळूजला बजाज ऑटोच्या कारखान्याची पायाभरणी १९८४ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते उद्घाटनही झालं. औरंगाबादला त्याआधी कारखाने नव्हते असं नाही, पण शहराच्या पाळ्या, भाडी आणि लग्नाच्या बाजारातली नवऱ्याची पत बदलली ती इथून पुढे. १९८६ मध्ये एम-८० आणि कावासाकी बजाज केबी १०० आल्या, १९९१ मध्ये फोर-एस चॅम्पियन, १९९७ मध्ये बॉक्सर. १९९८ मध्ये कॅलिबर याच वाळूजमधून बाहेर पडली. बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर (विठोबाचं नव्हे, वाळूजच्या अलीकडचं) या वस्त्यांमध्ये मोटारसायकल कशी जोडतात हे माहीत असलेली माणसं घरटी सापडू लागली. शहराला नवं नाव मिळालं, पण नंबरप्लेटवरचं एमएच २० तेच राहिलं. त्या पाटीखाली तेव्हाच्या कितीतरी बॉक्सर आजही दुधाचे कॅन नाहीतर चाऱ्याचा भारा घेऊन फुलंब्री-करमाडच्या रस्त्यांवर दिसतात. पंधरा वर्षं उलटल्यावर नोंदणीचं नूतनीकरण करून, पर्यावरण कर भरून लोक त्या ठेवतात, कारण त्या अजून पोट भरतात.

अशी गाडी एका सकाळी किकला दाद देत नाही. मालक घामाघूम होऊन ती ढकलत गॅरेजवर आणतो. उस्ताद आधी टाकीचं झाकण उघडून गाडी हलवतो, कॉक बघतो, मग प्लग काढतो. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल वरपर्यंत पोचतंय आणि जळत मात्र नाही, एवढं कळलं. मग निदान मराठीत होतं, "प्लगला करंट नाही," किंवा इथल्या दखनीत, "करंट नै आ रा, मामू." खरी गंमत या वाक्यानंतर सुरू होते. पैसे वाया जातात तेही इथूनच पुढे.

बॉक्सरचा विद्युत कारभार समजायला सोपा आहे आणि म्हणूनच तो मला आवडतो. ठिणगीसाठी तिला बॅटरी लागतच नाही. बॅटरी काढून घरी ठेवली तर हॉर्न आणि इंडिकेटर गप्प होतील, इंजिन मात्र किकला चालू होईल. डाव्या बाजूच्या गोल कव्हरखाली क्रँकवर बसवलेलं मॅग्नेटोचं, म्हणजे चुंबकाचं, चाक फिरतं आणि त्याच्या आतल्या कॉइलमध्ये वीज तयार होते. ही वीज सीडीआय नावाच्या, काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या काळ्या डबीत जाते. डबीतला कपॅसिटर दोन-तीनशे व्होल्टपर्यंत भरतो. चाकावरचा एक उंचवटा पल्सर कॉइलसमोरून गेला की ती डबीला इशारा देते आणि भरलेला सगळा साठा क्षणात टाकीखालच्या एचटी कॉइलमध्ये रिकामा होतो. तिथे त्याचे हजारो व्होल्ट होऊन जाड वायरीने प्लगपर्यंत पोचतात. नेट लावून मारलेली किक आणि नुसता टेकवलेला पाय यांत फरक पडतो तो इथेच. चाक हळू फिरलं तर कपॅसिटर पुरता भरत नाही.

साखळीत कड्या चार-पाचच आहेत. तरी लोक सुरुवात करतात ती महागड्या कडीपासून. "सीडीआय गेला, बदलून टाकू." सीडीआय बदलतो, गाडी चालू होत नाही, मग एचटी कॉइल बदलते, मग मॅग्नेटोतली कॉइल प्लेट. शेवटी दोष निघतो वायरी जोडणाऱ्या एका हिरव्या पडलेल्या कपलरमध्ये. सुटे भाग बदलत सुटणं म्हणजे दुरुस्ती नव्हे असं माझं ठाम मत आहे, आणि ज्यांच्याकडे गाड्यांची रांग लागते ते कारागीरही तेच मानतात. त्यांच्या हाताला आधी नवा पार्ट लागत नाही, पॉलिश पेपर लागतो.

मोंढ्याच्या बाजूला एका शेडमध्ये हे काम जवळून बघायला मिळालं. गाडी बॉक्सर, तक्रार वरचीच. कारागिराने प्लग कॅपमध्येच ठेवून त्याचा धातूचा भाग हेडच्या फिनला घट्ट टेकवला. प्लगच्या भोकावर कापड टाकलं, कारण तिथून उडणारी पेट्रोलची वाफ त्याच ठिणगीने पेटू शकते. पोराने किक मारली. काही नाही. प्लग बदलून पुन्हा, तरी काही नाही. मग त्याने वायरीवरून प्लग कॅप पिळून काढली, वायरीचं टोक अर्धा सेंटीमीटर कापलं आणि ते इंजिनापासून जरासं दूर, इन्सुलेशनच्या पकडीत धरलं. तरीही अंधार. आता सीडीआयचं नाव निघेल असं वाटलं. त्याने टाकी उचलली आणि चावीच्या लॉकला जाणारी एक बारीक वायर कपलरमधून ओढून काढली. किक. टक्! निळी, जाड, आवाज करणारी ठिणगी. पोराने मालकाकडे पाहिलं; उस्तादाने वर पाहिलंही नाही.

या जुन्या मॅग्नेटोवाल्या गाड्यांत चावीचा कारभार उलटा असतो. घरातला दिवा लावताना आपण सर्किट जोडतो. इथे चावी फिरवून चालू करताना ते तोडायचं असतं. चावी बंद असते तेव्हा लॉक त्या बारीक वायरीला चेसिसशी जोडून ठिणगीची वीज अर्थ करून टाकतं. लॉकमध्ये पावसाचं पाणी गेलं, किंवा हँडलजवळ वर्षानुवर्षं वळून वळून वायरीचं आवरण फाटलं आणि ती फ्रेमला टेकली, की चावी चालू असूनही इंजिनच्या लेखी ती बंदच असते. त्या शेडमधल्या गाडीचं हेच झालं होतं. हँडलच्या मानेशी वायर सोललेली निघाली. काम टेपचं आणि वायरीच्या तुकड्याचं. अशी शंका आली तर हँडल डावीकडे-उजवीकडे पुरतं वळवून किक मारून बघावी. एका बाजूला वळवल्यावर चालू होत असेल तर रोग मानेत आहे.

याहून चिवट रोग गरमीचा. गाडी घरून एका किकमध्ये निघते, दौलताबादचा घाट चढून खुलताबादकडे जाताना मध्येच बंद पडते, आणि सावलीत थोडा वेळ उभी केली की काहीच झालं नाही अशा थाटात पुन्हा चालू होते. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ती थंड झालेली असते आणि सगळं ठीक भरतं. पल्सर कॉइलची केसासारखी तार आतून तुटलेली असते. थंडीत टोकं एकमेकांना टेकतात, तापून पसरली की सुटतात. म्हणून मल्टिमीटर लावायचा तो इंजिन गरम असताना, गाडी बंद पडल्या पडल्या. काट्याने किंवा आकड्याने अनंत दाखवलं की चोर सापडला. मात्र त्याआधी टाकीचं झाकण उघडून बघावं. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं तरी हुबेहूब हीच लक्षणं दिसतात. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला तर करंटला दोष देण्यात अर्थ नाही.

बाहेर ठिणगी दिसली म्हणजे आतही पडते असं नाही, हेही सांगायला हवं. दाबलेल्या मिश्रणातून उडी मारायला उघड्या हवेपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पिवळट, बारीक ठिणगी बाहेर कशीबशी दिसते आणि सिलिंडरमध्ये विझते. आणि प्लग हवेत लोंबकळत ठेवून किका मारू नयेत. विजेला वाट मिळाली नाही तर ती कॉइलचं आतलं इन्सुलेशन फोडते.

छावणीकडे अजून दिसणाऱ्या जुन्या बुलेटचा स्वभाव वेगळा. तिथे पॉइंट आणि बॅटरी. पण बुलेटने आपल्या मालकाला एक तपासनीस फुकट दिलाय, हेडलाइटजवळचा अ‍ॅमीटर. चावी देऊन किक हाताने सावकाश दाबत नेली की पॉइंट मिटताना काटा वजाकडे झुकतो आणि उघडताना मध्यावर येतो. काटा हललाच नाही तर पॉइंटवर कार्बन तरी आहे किंवा त्यांच्यापर्यंत वीजच येत नाही. वजाकडेच अडकून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. एकही पाना न लावता अर्धं निदान. इतकं बोलकं यंत्र पुढे कुणी केलं नाही.

२००१ च्या नोव्हेंबरमध्ये बजाजची पल्सर मोटारसायकल आली आणि पुढे सेल्फचं बटण सर्रास झालं. तक्रारीची भाषाही बदलली. बटण दाबल्यावर एकदाच "खट" होतं की "खटखटखट" हे कारागीर आधी विचारतो. खटखटीचा रोख बहुधा बॅटरीकडे किंवा ढिल्या टर्मिनलकडे असतो. बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्ट दाखवते आणि बटण दाबताच नऊच्या खाली कोसळते, तर ती आतून संपलेली आहे. बॅटरी चांगली निघाली तर मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या वजाला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ दाबावा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थची केबल गंजली आहे. ही तपासणी मिनिटाची आहे आणि ती न करता स्टार्टर मोटर खोलणारे पुष्कळ आहेत.

वाळूजची आणखी एक गोष्ट अशी, की गाडीबरोबर तिची वीजही इथे घडली. व्हॅरॉकसारखी इथलीच कंपनी दुचाक्यांचे मॅग्नेटो, सीडीआय, रेग्युलेटर बनवते. आणि बॉक्सर इथल्या रस्त्यांवर म्हातारी होत असताना तिचे वंशज आफ्रिकेत जोरात आहेत. युगांडात बोडा-बोडा, नायजेरियात ओकाडा म्हणतात त्या मोटारसायकल-टॅक्सीवाल्यांची ती आवडती गाडी. तिथे ती का टिकली याचं उत्तर फुलंब्रीचा दूधवालाही देईल: रस्त्याकडेला, हातातल्या चार हत्यारांनी तिचा करंट परत आणता येतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. गॅरेजमध्ये आता स्कॅनर आहे. तो कोड दाखवतो, कोणत्या सेन्सरच्या सर्किटमध्ये खोट आहे ते सांगतो. पण सेन्सर मेला की त्याच्याकडे जाणारी वायर उंदराने कुरतडली, हे त्या कोडवरून ठरत नाही. तेव्हा कोड वाचून झाल्यावर कारागीर सीट काढतो, टाकी उचलतो आणि कपलर एकेक करून उघडत हँडलच्या मानेपर्यंत जातो.