पहिल्या चित्रपटामागची पुंजी

एखाद्या दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट गाजला, की त्याला ‘चमत्कार’ म्हणून मोकळे होण्याची रीत पडून गेली आहे. या शब्दात कौतुक आहे खरे. पण त्यात एक सोयही दडलेली आहे. चमत्काराचे कारण शोधावे लागत नाही, आणि ज्याला कारण नाही त्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. वस्तुतः ज्या पहिल्या चित्रपटांनी इतिहास घडविला, त्यांच्यामागे वर्षानुवर्षांची तयारी आणि कोणाच्या तरी संसाराची जमापुंजी उभी होती, असेच दिसून येते.

सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ २६ ऑगस्ट १९५५ रोजी कलकत्त्यात प्रदर्शित झाला, तेव्हा राय चौतीस वर्षांचे होते. ते नवखे होते, हे केवळ पडद्यापुरतेच खरे. १९४३ पासून ते एका जाहिरात संस्थेत चित्रकार म्हणून नोकरी करीत होते. विभूतिभूषण बंदोपाध्यायांच्या याच कादंबरीच्या संक्षिप्त आवृत्तीसाठी त्यांनी चित्रे काढली होती. १९४७ साली मित्रांसमवेत त्यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार बंगालमध्ये आले असता त्यांच्या सहवासाचा लाभ घेतला आणि १९५० साली लंडनमधील मुक्कामात झपाटल्यासारखे चित्रपट पाहिले. त्यांतच डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ होता. खरीखुरी स्थळे आणि अपरिचित चेहरे घेऊन चित्रपट काढता येतो, ही खात्री त्याने दिली. ज्याला पहिले पाऊल म्हणावयाचे, त्याच्या आधी हा एवढा प्रवास झालेला होता.

पैशाची कथा याहून बोलकी आहे. ऑक्टोबर १९५२ मध्ये काशफुलांच्या रानात चित्रीकरणास प्रारंभ झाला. आठवड्याने मंडळी परत गेली, तो गुरांनी ती फुले फस्त केलेली. त्या दृश्यासाठी पुढचा हंगाम येईतो थांबावे लागले. छायालेखक सुब्रत मित्र अवघे एकवीस वर्षांचे, आणि चलच्चित्राचा कॅमेरा त्यांनी पूर्वी हाताळलेलाही नव्हता. राय नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी काम करीत. विम्याची पॉलिसी गहाण पडली, संग्रहातील ध्वनिमुद्रिका विकल्या गेल्या, पत्नीचे दागिने गेले. तरीही काम पुनःपुन्हा बंद पडले. अखेर मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांच्या सरकारने हात दिला. चित्रपटासाठी स्वतंत्र तरतूद नसल्यामुळे, नावात ‘पथ’ आहे एवढ्या आधारावर, ही रक्कम रस्तेसुधारणेच्या खाती पडली, ही हकीगत प्रसिद्धच आहे. या कथेत हसू येण्याजोगे बरेच आहे. पण लाज वाटण्याजोगेही आहे.

महाराष्ट्राला ही कथा अपरिचित वाटू नये. चार दशकांपूर्वी दादासाहेब फाळके यांनी नेमका हाच मार्ग तुडविला होता. जे. जे. कलाशाळेतील शिक्षण, छायाचित्रण, मुद्रणाचा व्यवसाय अशी दीर्घ शिदोरी त्यांच्यापाशी होती. त्यांनीही विम्याच्या पॉलिसीवर पैसा उभा केला. सरस्वतीबाईंनी दागिने तर दिलेच, शिवाय फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे रात्री जागून केली. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, तेव्हा फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते. दोन प्रांत, दोन काळ. पण नव्या कलावंताचा सावकार दोन्हीकडे त्याची पत्नीच!

यावर असे म्हटले जाते, की हालअपेष्टांच्या मुशीतूनच खरी कला उजळून निघते. हा युक्तिवाद ऐकावयास गोड, परंतु पोकळ आहे. जे तरले त्यांचीच नावे इतिहासाला ठाऊक असतात. ज्यांची रिळे अर्ध्यावर थांबली, त्यांची गणना कोणी केलेली नाही. ‘पथेर पांचाली’त इंदिर ठाकरुण साकारणाऱ्या चुनीबाला देवी ऐंशीच्या घरात होत्या, आणि चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. मदत आणखी काही महिने लांबली असती, तर कोणत्याही प्रतिभेला ती उणीव भरून काढता आली नसती.

अलीकडच्या मराठी चित्रपटाने तर पहिलेपणाचे वैभवच उभे केले आहे. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने २००४ साली, ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मराठीत आणले. परेश मोकाशी यांनी २००९ मध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त फाळक्यांच्याच पहिल्या चित्रपटाची कथा आपल्या पहिल्या चित्रपटात सांगितली. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हेही दीर्घ चित्रपटाचे प्रथम प्रयत्नच. ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसमध्ये पदार्पणाचे पारितोषिक मिळाले. मात्र त्याच्या वाटचालीत साहाय्य करणाऱ्यांत रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवाचा निधी होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मुंबईच्या न्यायालयाची कथा सांगण्यास हॉलंडचा आधार लागावा, यात अभिमानाइतकेच चिंतनासही कारण आहे.

‘श्वास’ ऑस्करच्या स्पर्धेत उतरला, तेव्हा सामान्य माणसांनी वर्गणी देऊन त्याला पाठबळ दिले. त्याच दिग्दर्शकाचा ‘नदी वाहते’ हा पुढचा चित्रपट पडद्यावर आला तो २०१७ साली. एवढा गौरव पदरी असलेल्या दिग्दर्शकाच्या दोन चित्रपटांत तेरा वर्षांचे अंतर पडते, तेव्हा सत्काराचे हार आणि कामाची संधी या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे मान्य करावेच लागते.

नव्या दिग्दर्शकाला आधार हवा असतो तो संहिता हाती असताना. चित्रपट पुरा झाल्यावर, पारितोषिके जाहीर झाल्यावर येणारी मदत त्याच्या कर्जाच्या कामी येते, कलेच्या नव्हे. शासनाने हे ओळखले पाहिजे; पण सारा भार शासनावर टाकूनही भागणार नाही. राय घडले ते चित्रपट पाहणाऱ्या आणि त्यावर वाद घालणाऱ्या मंडळींत. मुंबईत १९६८ साली स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळाने तीच परंपरा मराठी मुलखात रुजविली. अशी मंडळे तालुक्यातालुक्यांच्या महाविद्यालयांत उभी राहिली, आणि नवख्या नावाचा चित्रपट लागताच पहिल्या आठवड्यात तिकीट काढण्याची सवय सुशिक्षितांनी स्वतःला लावून घेतली, तर पुढच्या दिग्दर्शकाच्या घरातील दागिने कदाचित जागच्या जागी राहतील.